काळ्या मातीतलं परसतळं: सांगलीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घर सांगली-मिरज रस्त्यापासून थोडं आत, चार गुंठ्यांच्या प्लॉटवर. घरमालक माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून इथेही सरच म्हणू. ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत. माती, मापं आणि कामाचा क्रम तसाच ठेवला आहे.

सरांचं जुनं घर नदीकडच्या भागात होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपुढे गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. त्या पुरानंतर कुटुंबाने ते घर सोडलं आणि उंचावरच्या भागात हे बांधलं. मागे सात-साडेसात मीटर रुंदीचं मोकळं परस मिळालं आणि सरांच्या मनात तळं आलं. एका टोकाला काळ्या दगडांवरून पाणी पडतंय, खाली दोन-चार कमळं, संध्याकाळी शेजारी खुर्ची. वहिनींचा विरोध पहिल्या दिवसापासून होता. "अहो, पुरात एवढं पाणी बघितलं, आता दारात आणखी कशाला आणताय?" हा विरोध पुढे फार उपयोगी पडला, पण त्या वेळी तो कुणी मनावर घेतला नाही.

घर बांधताना इंजिनिअरने मातीचा पूर्ण मान ठेवला होता. सांगलीची काळी माती खोल असते, फुगते आणि आकसते. म्हणून घराला अंडर-रीम पाईल घातले होते. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा जमिनींसाठी विकसित केलेला हा पाया खालच्या टोकाला फुगीर असतो आणि मातीच्या हालत्या थराच्या खाली जाऊन पकड घेतो. तळ्याच्या वेळी मात्र मातीचा विषय निघालाच नाही. दोन फुटांचा तर खड्डा, त्याला कसला पाया, असं सगळ्यांनी धरलं.

पहिलं तळं

डिसेंबरात सरांनी एक गवंडी आणि एक गडी घेऊन काम काढलं. आयताकृती टाकी, ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल. तळाला चार इंच काँक्रीट, त्यात हलकी सळई. बाजूंना विटांचं बांधकाम, आतून वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून गिलावा. काम नजरेला चांगलं होतं. गवंड्याने घोटाई मन लावून केली होती, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळा दोष त्याच्याच माथी मारला जात होता.

जागा निवडली ती मागच्या कुंपणाच्या भिंतीपासून दोन फुटांवर. भिंतीला टेकून दगड रचता येतील, पाईप मागे लपेल आणि परसाचा मधला भाग मोकळा राहील, हा हिशोब. भिंत सरांची आणि शेजारच्या आण्णांची सामाईक. तिचा पाया जेमतेम दीड फूट.

पंप एअर कूलरचा, वायर जमिनीखालून, जोड इन्सुलेशन टेपचा. या जोडाकडे पुन्हा यावं लागेल.

जानेवारी ते मार्च सगळं छान चाललं.

काय बिघडलं

मे महिन्यात पाणी झपाट्याने उतरू लागलं, दिवसाला साधारण चार सेंटिमीटर. सरांनी ते उन्हाच्या खात्यात टाकलं आणि रोज सकाळी पाईप लावून टाकी भरून घेतली. जूनमध्ये कोपऱ्यात एक उभी चीर दिसली; तिच्यात सिमेंट आणि केमिकल भरलं. जुलैत दुसरा कोपरा गेला. ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, पक्की दुरुस्ती करायची म्हणून सरांनी टाकी पूर्ण रिकामी केली. तिसऱ्या दिवशी तळाचं काँक्रीट मधोमध उचललं गेलं आणि लांबीच्या दिशेने फुटलं.

सप्टेंबरात आण्णा आले. सामाईक भिंतीला त्यांच्या बाजूने तिरकी भेग गेली होती, खाली बारीक आणि वर रुंद. आण्णांचं म्हणणं, भिंतीचा खर्च सरांनी द्यावा. सरांचं म्हणणं, भिंत जुनी आहे, सांगलीत कुठल्या कुंपणाला भेग नाही? दोघांचे संबंध चांगले होते आणि ते बिघडू नयेत म्हणून तिसरा माणूस बोलवायचं ठरलं. मी बांधकामांवर देखरेखीची कामं करतो; माझा या प्रकरणात शिरकाव असा झाला.

निदान

भिंत नंतर बघू, आधी पाण्याचा हिशोब मांडू, असं मी सुचवलं. टाकीचा पृष्ठभाग ५.४ चौरस मीटर. रोज चार सेंटिमीटर म्हणजे २१६ लिटर. आपल्या भागात एप्रिल-मेच्या कडक उन्हात उघड्या पाण्यातून दिवसाला ७ ते १० मिलिमीटर बाष्पीभवन होतं. आठ धरले तर साधारण ४३ लिटर. उरलेले १७० लिटर कुठे गेले? जमिनीत. महिन्याला पाच हजार लिटर, म्हणजे दर महिन्याला एक छोटा टँकर आण्णांच्या आणि सरांच्या भिंतीच्या पायाखाली रिकामा होत होता. सर कागदावरची ही बेरीज बघून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खर्च माझा." भिंतीचा वाद तिथेच मिटला, ही या प्रकरणातली सर्वात स्वस्त गोष्ट.

मग मातीची परीक्षा. सर विज्ञानाचे, त्यामुळे ती त्यांनीच केली. बारीक चाळलेली कोरडी माती प्रत्येकी १० मिलिलिटर, दोन मोजनळ्यांत घेतली. एकीत रॉकेल ओतलं, दुसरीत पाणी. चोवीस तास ठेवलं. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे तिचा फुगवटा. रॉकेलमधली माती १० वर राहिली, पाण्यातली १८ वर गेली. फुगवटा ८० टक्के. पन्नासच्या वर आकडा गेला की बांधकामवाला सावध होतो. या फुगण्याचं कारण मातीतलं मॉन्टमोरिलोनाईट हे चिकणमातीचं खनिज. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. वाळली की पुन्हा जवळ येतात.

आता सगळा क्रम लागला. उन्हाळ्यात माती आकसली आणि टाकीच्या भिंतींपासून सुटली. आतून पाण्याचा दाब, बाहेरून आधार नाही, कोपरे फाटले. गळणारं पाणी भिंतीच्या बाजूला मुरलं, तिथलीच माती फुगली, बाकीची कोरडी राहिली. एका जागी उचलली गेल्याने कुंपणाची भिंत तिरकी फाटली. पावसाळ्यात सगळीच माती फुगून आत दाबू लागली, आणि खालून पाण्याचा दाब वर येत असताना टाकी रिकामी केली. सव्वातीन हजार लिटरचं, म्हणजे सव्वातीन टनांचं वजन तळावरून निघालं, आणि तळ उचलला.

पर्याय

सरांचा मेहुणा तासगावकडचा द्राक्षबागायतदार. तो दिवाळीला आला होता. फुटलेल्या टाकीत उतरून, तळावर पाय आपटून म्हणाला, "दाजी, काळी माती उन्हाळ्यात तोंड उघडती आणि पावसाळ्यात मिटती. तुमी तिच्या तोंडात दगडाचं भांडं ठिवलंय. फुटणार न्हाई तर काय?" सर हसले, पण पुढची सगळी चर्चा या वाक्याभोवती फिरली.

पहिला पर्याय, आहे त्या टाकीची दुरुस्ती: भेगांमध्ये इपॉक्सी भरायचं आणि आतून फायबरचा लेप. खर्च मध्यम, तोडफोड नाही. पण भेग का पडली याचं उत्तर त्यात नव्हतं. माती पुढच्या मे महिन्यात पुन्हा हलणार, आणि टाकी भिंतीपासून दोन फुटांवरच राहणार. हा पर्याय सरांना सर्वात जास्त आवडत होता, कारण त्यात केलेलं काम वाया जात नव्हतं. मला तो सर्वात वाईट वाटत होता, नेमक्या त्याच कारणाने.

दुसरा, नवी भक्कम आरसीसी टाकी, खाली आणि बाजूंना न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा जाड थर देऊन. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी न फुगणाऱ्या पण एकसंध मातीचा थर देण्याची पद्धत मांडली आणि ती मोठ्या कामांत वापरली गेली. पण असा थर खऱ्या अर्थाने काम करायला त्याची जाडी मीटरच्या आसपास लागते. ६० सेंटिमीटर तळ्यासाठी दीड मीटरहून खोल खड्डा, सगळीकडून रुंद. परसात तेवढी जागाच नव्हती.

तिसरा, बाजारातलं तयार फायबरचं टब-तळं. बसवायला सोपं, पण हव्या त्या मापात सांगलीत मिळेना. बाहेरून आणायचं तर वाहतूक जड होत होती.

चौथा मेहुण्याचा. शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात त्याचे तुकडे आणि तो बसवणारी माणसं सहज मिळतात. कागद मातीबरोबर थोडा हलतो, फाटत नाही.

पाचवा पर्याय मी मांडला, आणि तो वहिनींसाठी होता. उघडं तळं नकोच. जमिनीत झाकलेली टाकी, वर जाळी, जाळीवर गोटे, आणि दगडातून झिरपून पाणी गोट्यांमध्ये नाहीसं होतं. तीन वर्षांचा नातू सुट्टीत येतो. लहान मूल फूटभर पाण्यातही बुडू शकतं, आणि ते आवाज न करता बुडतं. वहिनींच्या "कशाला" मागे हीच भीती होती. ती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उघड बोलून दाखवली.

निर्णय

सरांना कमळं हवीच होती, म्हणून कागदाचं तळं ठरलं. पण वहिनींनी दोन अटी घातल्या आणि त्या आराखड्यातच बसवल्या. सगळ्या कडेने आतून फूटभर रुंदीची, २० सेंटिमीटर खोलीची पायरी. आणि त्या पायरीवर टेकणारी गॅल्व्हनाईज्ड वेल्डमेश जाळी, पाण्याच्या पाच सेंटिमीटर खाली. पानं आणि देठ जाळीतून वर येतात, मूल खाली जात नाही. जाळी दिसायला सुंदर नाही, पाणी निवळ असताना ती दिसतेच. सरांनी कुरकुर केली. माझं मत वहिनींच्या बाजूने होतं आणि आजही आहे.

जागा बदलली. नवं तळं घरापासून आणि कुंपणापासून, दोन्हीकडून अडीच मीटरवर, परसाच्या मधोमध, जे सरांना मोकळं ठेवायचं होतं. यात उताराचाही विचार झाला. जुनी टाकी परसाच्या सखल टोकाला होती. पावसाचं सगळं वाहतं पाणी, माती आणि खत घेऊन तिच्यात उतरायचं. नवी जागा हातभर उंच.

सर्वात जास्त वाद झाला तो जुन्या खड्ड्यावर. सर म्हणाले, टाकी फोडून मुरूम भरू, मुरूम फुगत नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण चिकणमातीच्या खड्ड्यात मुरूम भरला की तो खड्डा पाणी साठवणारी विहीरच होतो: पाऊस मुरमातून सरळ खाली जातो आणि बाजूची काळी माती त्याला बाहेर जाऊ देत नाही. भिंतीला लागून पुन्हा ओल. म्हणून राडारोडा काढून तिथे तीच काळी माती, किंचित ओली असताना, सहा-सहा इंचांच्या थरांनी धुम्मसाने ठोकून भरली. वर भिंतीकडून परसाकडे उतार.

हाच तर्क नव्या तळ्यालाही लागू होता, आणि तिथे तो गैरसोयीचा होता. कागदाखाली मुरमाची गादी तर हवीच. मग तिथे पाणी साठणार, आणि पावसाळ्यात ते कागद खालून फुगवणार. याचं उत्तर पुन्हा शेतातूनच आलं. मिरज, वाळवा, पलूस या बाजूला उसाला वर्षानुवर्षं दिलेल्या जादा पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि त्या सुधारायला शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र निचरा पाईप घालतात. मेहुण्याच्या ओळखीतून ८० मिलिमीटरच्या अशा पाईपचा उरलेला तुकडा मिळाला. सपाट प्लॉटमध्ये पाईपला उतारावर तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून तो तळ्याच्या कडेला उभ्या केलेल्या सहा इंची पीव्हीसी पाईपला जोडला. वरून झाकण. झाकण उघडलं की कागदाखाली किती पाणी आहे ते दिसतं, जास्त असेल तर छोटा पंप सोडून उपसता येतं. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वात मोलाची वस्तू हा उभा पाईप आहे.

प्रत्यक्ष काम

खणायला नोव्हेंबरचा शेवट धरला. पाऊस संपून माती चिखल राहिलेली नसते आणि अजून तडकलेलीही नसते. मधल्या ओलीवर खणलेला खड्डा पुढे दोन्ही दिशांना थोडा थोडा हलतो. मे महिन्यात खणला असता तर सगळं हलणं एकाच दिशेने झालं असतं.

आकार लंबगोल, ३ मीटर बाय २ मीटर. दोरी मांडून, चुना टाकून आखलं. कडा तिरक्या ठेवल्या, उभ्या नाहीत. तळाला निचरा पाईप आणि खडी, वर फूटभर मुरूम, पाणी मारून ठोकलेला. हा थर फुगवटा थांबवत नाही, तेवढी त्याची जाडी नाही. तो हलणं सगळीकडे सारखं वाटून देतो, आणि कागदाला तेवढं पुरतं. सगळी कड एका पातळीत आहे का ते पारदर्शक लेव्हल ट्यूबने पुन्हा पुन्हा तपासलं. यात कंटाळा केला तर एका बाजूने पाणी कडेला लागतं आणि दुसऱ्या बाजूने चार बोटं कागद उघडा दिसतो, आणि तो दोष नंतर कशानेही झाकत नाही.

कागदाखाली अंथरायला काय, यावर चर्चा रंगली. बारदान नको, ते कुजतं आणि खाली पोकळी राहते. मेहुण्याने वाढदिवसांच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स आणले. फ्लेक्स कुजत नाही, खड्याचं टोक अडवतो, आणि आपल्या जिल्ह्यात त्याचा तुटवडा कधी पडणार नाही. त्यामुळे आज त्या तळ्याखाली दोन-तीन भावी आमदार पालथे झोपलेले आहेत.

कागदाचं माप काढायची रीत सोपी: लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही कडांना टेकायला तीस-तीस सेंटिमीटर. म्हणजे ३ + १.२ + ०.६ = ४.८ मीटर, रुंदीला २ + १.२ + ०.६ = ३.८ मीटर. पाच बाय चारचा अखंड तुकडा घेतला. अखंड महत्त्वाचं, कारण या कागदाचा जोड गरम यंत्रानेच नीट बसतो, डिंकाने नाही. शेततळ्याचा कागद मोठ्या सपाट उतारांसाठी असतो. छोट्या गोलाईत तो ताठरपणा दाखवतो. म्हणून भर दुपारी उन्हात अर्धा तास पसरून ठेवला, मऊ झाल्यावर अनवाणी पायांनी आत बसवला, आणि जादा भाग न कापता मोठ्या घड्यांमध्ये दुमडला. मग हळूहळू पाणी सोडत, घड्या ओढत नेल्या. कड कापली ती तळं पूर्ण भरून एक रात्र गेल्यावर.

उघडा कागद उन्हाने ठिसूळ होतो, त्यामुळे कडेवर खाणीतला काळा दगड आडवा बसवला. कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दहा सेंटिमीटर उंच, बाहेर तीन फुटांपर्यंत फरशीचा उतार. जादा पावसाचं पाणी बाहेर काढणारा पाईप बागेतल्या केळीकडे सोडला, भिंतीकडे नाही.

तळ्यात सुमारे २,००० लिटर पाणी बसतं. ते तासा-दीड तासात एकदा फिरावं एवढा पंप पुरतो. इथे खोक्यावरचा आकडा वाचताना फसगत होते: "कमाल उंची अडीच मीटर" म्हणजे त्या उंचीला पाण्याचा प्रवाह शून्य. सरांना एक मीटर वर चढवायचं होतं, म्हणून खोक्यावर तासाला २,५०० लिटर लिहिलेला, ३५ वॉटचा तळ्याचा पंप घेतला. दिवसाला दहा तास चालवला तर महिन्याला साडेदहा युनिट.

वीजजोडणीबद्दल मी कुणाचा वाद ऐकून घेतला नाही. टेपचा जुना जोड उपटला तेव्हा आतली तार हिरवी पडली होती. नवी वायर कंड्युटमधून, जमिनीखाली जोड कुठेही नाही, पाण्यापासून दूर झाकणाचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. हे एक काम वायरमनकडून करून घेतलं. बाकी सगळं घरच्या माणसांनी केलं.

झाडांमध्ये कुमुद, एक कमळ, कडेच्या पायरीवर वेखंड. सरांना पाणकणीसही हवं होतं. त्याची मुळं टोकदार वाढतात आणि कागद भोसकतात, म्हणून ते टाळलं. कुमुदाला स्थिर पाणी लागतं, तेव्हा त्या कुंड्या पडत्या पाण्यापासून लांब ठेवल्या. डासांसाठी आरोग्य खात्याकडून मिळणारे गप्पी मासे सोडले. पाणी फिरतं आहे म्हणून डास होत नाहीत हा समज अर्धाच खरा: डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि वेखंडाच्या बुडाशी पाणी साठलेलंच असतं. मासे वाढले की ते ओढ्यात किंवा नदीत नेऊन सोडायचे नाहीत, एवढं सरांना बजावून सांगितलं. तिथल्या मूळ माशांच्या वाट्याचं ते खातात.

परिणाम

पहिले तीन आठवडे पाणी हिरवंगार होतं. सरांना रिकामं करून पुन्हा भरायची घाई झाली होती; तसं केलं की शेवाळाचं चक्र पहिल्यापासून सुरू होतं. थांबले. कुमुदाच्या पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकल्यावर पाणी आपोआप निवळलं.

खरी परीक्षा मे महिन्यात होती. या वेळी सरांनी पायरीवर एक बादली ठेवली, तळ्याच्याच पाण्याने भरलेली, आणि आतल्या व बाहेरच्या पातळीवर खुणा केल्या. आठवड्यात दोन्हीकडची पातळी जवळपास सारखी उतरली. म्हणजे जे गेलं ते उन्हाने गेलं. रोज ३५-४० लिटर वरून घालावे लागले, आणि बोअरच्या क्षारांमुळे पडत्या पाण्याच्या दगडावर पांढरे पट्टे उमटले. पावसाळ्यात गच्चीचं पाणी गाळून तळ्यात घेतलं तेव्हा पट्टे वाढायचे थांबले. गेले मात्र नाहीत.

जुलैत एकदा जोराच्या पावसानंतर उभ्या पाईपात पाणी तळ्याच्या पातळीच्या अगदी जवळ आलं. सरांनी उपसून घेतलं. कागद कुठे फुगला नाही. तळ्याच्या एका बाजूची दगडी कड साधारण बोटभर खाली बसली. दगड उचलून खाली मुरूम घालून ती पुन्हा पातळीत आणली. काळ्या मातीत एवढं धरूनच चालावं लागतं.

कागद, पाईप, पंप, वायरिंग आणि दगड मिळून खर्च जुन्या टाकीपेक्षा कमी आला. जुनी टाकी फोडण्याचा आणि भिंतीचा खर्च वेगळा, आणि तोच मोठा.

वेगळं काय करता आलं असतं

मे महिन्यातली ती बादली एक वर्ष आधी ठेवली असती तर आठवड्याभरात गळती कळली असती आणि आण्णांची भिंत वाचली असती. पहिल्या टाकीचा दोष मातीकडे न बघण्यात होता हे खरं, पण नुकसान वाढलं ते गळतीला ऊन समजल्यामुळे. पाणी रोज वरून भरणं हा तिथे उपाय ठरला नाही, तो गळतीचा खुराक ठरला.

ऑगस्टमध्ये टाकी रिकामी करणं टाळायला हवं होतं. चीर असली तरी पावसाळाभर भरलेली ठेवायची आणि दुरुस्ती हिवाळ्यावर ढकलायची. त्या काळात आजूबाजूची माती तशीही ओली असते, गळतीने फारसा फरक पडला नसता. दुरुस्तीची निकड मनाला होती, टाकीला नव्हती.

नव्या कामात दोन गोष्टींबद्दल माझं समाधान झालेलं नाही. एक, खोली ६० सेंटिमीटर धरली ती सवयीने. कुमुदाला ४५ पुरली असती. पाणी थोडं लवकर तापलं असतं, पण खणाई, मुरूम आणि वहिनींची काळजी तिन्ही कमी झाली असती. दुसरं, कागद. ताठर कागदाच्या घड्यांमध्ये गाळ अडकतो आणि तो काढताना हात पोचत नाही. रबराचा मऊ पत्रा महाग आणि मागवावा लागला असता, पण एवढ्याशा गोल तळ्यात तो सरळ बसला असता. मेहुण्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, शेततळ्यात गाळ कोण काढतो?

गोट्यांमध्ये नाहीसं होणाऱ्या झऱ्याचा पर्याय आम्ही लवकर सोडला, असंही वाटतं. तो बाजूला पडला तो कमळांसाठी. नातू थोडा मोठा होईपर्यंत झरा ठेवून, मग तोच खड्डा उघडून तळं करता आलं असतं. निचरा, मुरूम आणि वीज तीच राहिली असती. सरांना हे नंतर सांगितलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तेव्हा का नाही सुचलं?" उत्तर देता आलं नाही.

भिंतीचं काम अजून अर्धवट आहे. भेग लगेच बुजवू नका, आधी ती हलते का ते बघू, म्हणून तिच्यावर आडवी पातळ काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आहे. भेग सरकली तर काच तडकेल. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काच अखंड आहे. आण्णांना दिवाळीआधी गिलावा करून रंग द्यायचा आहे; मी आणखी एक उन्हाळा जाऊ द्या म्हणतोय. सरांनी पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.